हॅसलब्लाड ८० मिमी प्लॅनार – फ्लॅश लावला की फ्रेम कोऱ्या (मदत हवी आहे, तातडीने)

घाईत_आहे:
मंडळी, हॅसलब्लाड ५००सी/एम कॅमेऱ्यावर ८०ची प्लॅनार लेन्स आहे. उन्हातले फोटो खणखणीत येतात. घरात फ्लॅश लावला की अख्खा रोल कोरा. फ्लॅश उडतो, मी बघितलाय. सिंक कॉर्ड (फ्लॅश जोडायची वायर) बदलली, फ्लॅशही बदलला. रविवारी आत्याची पंचाहत्तरी आहे. ‘डिजिटल घ्या’ कृपया सांगू नका.

जुना_स्टुडिओ:
शटर स्पीड किती ठेवता? १/६० सेकंदाच्या वर गेलात तर असंच होणार.

पाकळी:
काका, ते पडद्याच्या शटरला. इथे पाकळ्यांचं शटर लेन्समध्येच आहे, १/५००लासुद्धा फ्लॅश जुळतो. घाईत, लेन्स नेमकी कुठली?

घाईत_आहे:
८० एफ/२.८. वर लिहिलंय की.

पाकळी:
८० एफ/२.८ सगळ्याच हो! सी मॉडेल की सीएफ? फिल्टर अडकवायची खाच, बायोनेट, ५०ची की ६०ची?

डबलडोळा:
रोलायफ्लेक्स २.८एफ कॅमेरा घ्या. त्यातही ८०ची प्लॅनार मिळते, आणि आरसा धाडकन आपटत नाही.

घाईत_आहे:
५०ची. काळी.

तेलपाणी:
म्हणजे सी. शटरचं तेल सुकलं असणार. लायटर फ्लुइडचे दोन थेंब सोडा.

पाकळी:
अजिबात सोडू नका! तेल सुकलं की १ सेकंद, १/२ असले स्पीड रेंगाळतात. यांचे उन्हातले फोटो चांगले येतायत. सीच्या बॅरलवर व्ही-एक्स-एम असा छोटा खटका असतो, तो कुठे आहे? एम जुन्या फ्लॅशबल्बसाठी. बल्ब पेटायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी शटर उघडायच्या आधीच पडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तेवढ्यात उडून विझतोसुद्धा, पाकळ्या मिटलेल्याच. एक्सवर घ्या. मग मागचं फिल्मचं मॅगझिन काढा, एफ/२.८ आणि १/५०० लावा, फ्लॅश भिंतीकडे करून मागून बघत बटण दाबा. पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. व्हीला मात्र हात लावू नका. तो सेल्फ टायमर, जुन्या लेन्सचा मध्येच अडकला तर कॅमेराही जाम.

बोकेवाला:
या लेन्सला डायफ्रामची (उजेडाचं भोक लहानमोठं करणारी) पाचच पानं. मागचे दिवे पंचकोनी येतात, मला नाही आवडत.

डबलडोळा:
विचारलंय कुणी?

घाईत_आहे:
एमवरच होता! एक्सवर केला, गोल दिसला. पण आता स्पीड फिरवला की अ‍ॅपर्चरपण फिरतंय, हे काय नवीन?

पाकळी:
नवीन नाही, सीची रचनाच तशी. एक्स्पोजर तेच राहावं म्हणून दोन्ही रिंगा जोडलेल्या असतात. अ‍ॅपर्चरजवळचं चाप दाबून धरा, मग वेगळी फिरते.

तेलपाणी:
तरी एकदा सर्व्हिसिंग कराच.

नवखा_१२०:
माझी ८० बॉडीतून निघतच नाही. जोर लावू का?

पाकळी:
नको!! आधी क्रँक पूर्ण फिरवून कॉक करा, म्हणजे शटरची स्प्रिंग ताणा. लेन्स आणि बॉडी दोन्ही कॉक असल्याशिवाय काढायची नाही, लावायचीही नाही. तरी नाही निघाली तर वेगळा धागा काढा, फोटो टाका.