आठ दिवसांत ‘घरचे’ होणाऱ्या संशोधकांसाठी

पांझराकाठ:
परवा एक पोस्ट फिरत होती, ‘खान्देशात फील्डवर्क: आठ दिवसांत लोकांचं मन कसं जिंकाल’. सल्ले असे: चहाला नाही म्हणू नका, लेकरांना बिस्किटपुडे न्या, बायांना ‘माय’ म्हणा, अहिराणीची चार वाक्यं पाठ करा, ‘मग धडगावपर्यंत कुठेच अडत नाही’. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

अहो, सातपुड्यातल्या धडगावात अहिराणी कुठून आणलीत? तिथे पावरी आणि भिली या आदिवासी बोली चालतात. तिथे ‘कसं काय, बरं शे ना’ म्हणणारा बहुतेकदा दुकानदार, मास्तर नाहीतर तलाठी असतो. म्हणजे तोंड उघडताक्षणी तुम्ही कुणाच्या बाजूचे ते ठरलं.

पण राग त्याचा नाही. माझं सांगते. एम.ए.ला होते. पारोळ्याकडे कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुलाखती घेत होते. एका मावशींनी सकाळी संमतीपत्रावर सही केली. संध्याकाळी चुलीशी कळण्याच्या भाकरी थापत बसलो, रेकॉर्डर पिठाच्या डब्याच्या झाकणावर. त्या लेकीच्या सासरचं बोलायला लागल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, “ते बंद शे ना वं?” मी ‘हो’ म्हटलं आणि ओढणीखाली बटण दाबलं. तोवर सात मिनिटं आत गेली होती. त्याच सात मिनिटांवर गाईडने समासात लिहिलं, ‘फार रिच’. मीही ठेवली. नाव बदललं, पण ‘दोन मुली, नवरा सुरतला’ हे तसंच. दोनशे उंबऱ्यांच्या गावात आणखी काय लागतं? पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेले तर मावशींनी पाणी दिलं, पण ओट्यावरच. आत ये म्हणाल्या नाहीत.

त्या बोलल्या कारण मी घरची झाले होते. मी नुसतीच पाहुणी राहिले असते तर त्या वाचल्या असत्या.

फील्डवाला:
ती पोस्ट माझी. चूक तुमची झाली, तिचं तत्त्वज्ञान का करताय? रेकॉर्डर चालू ठेवून ‘हो’ म्हणा असं मी कुठे लिहिलंय? नातं न जोडता काय मिळतं ते मी पाहिलंय. “सगळं बरं आहे साहेब”, चाळीस वेळा. प्रकल्प सहा महिन्यांचा, चाळीस मुलाखतींचं टार्गेट, पैसे तिसऱ्या महिन्यात. आठ दिवस तुम्हाला कमी वाटत असतील तर फेलोशिप आठ वर्षांची करून द्या.

आणि नातं काय असतं ते समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांना विचारा. १९७० मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या नोंदी जळाल्या, तरी रामपुरा या कर्नाटकातल्या गावावरचं पुस्तक त्यांनी आठवणीतून लिहिलं.

बोरीचं_पाणी:
श्रीनिवास १९४८ मध्ये तिथे महिनोन्‌महिने राहिले होते हो. आणि राहिले ते गावच्या मुखियाच्या जागेत. गाव वरच्या जातींच्या नजरेतून दिसलं हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय. तुमच्याकडे मुखियाची जागा सरपंचाच्या बोलेरोने घेतली, एवढाच फरक. त्या गाडीतून उतरलात की मजूर वस्तीत कोण खरं बोलणार?

असोद्याचा:
विषय निघालाच आहे तर, खान्देश म्हणजे अहिराणी हे कधी बंद होणार? रावेर, यावल, भुसावळकडे आमची लेवा गणबोली आहे. आणि बहिणाबाईंना ‘अहिराणी कवयित्री’ म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग. जन्म असोद्याचा, दिल्या जळगावात. त्यांच्या कवितेत अहिराणीतलं ‘शे’, म्हणजे ‘आहे’, दाखवा. त्या ‘माझी माय’ म्हणतात, अहिराणीवाली ‘मन्ही माय’ म्हणेल.

आखाजीचा_झोका:
आणि त्याच ओळीला लागून ‘माले’, म्हणजे ‘मला’, आहे ते? ते काय पुण्याचं? आमच्या धुळ्याच्या आज्या जात्यावर त्याच ओव्या म्हणायच्या. तुम्हाला बोली नाही, ‘लेवा’ ही जात मोजायची आहे.

असोद्याचा:
जात तुम्ही काढलीत. मी व्याकरण काढलं होतं. ‘शे’ कुठेय?

आखाजीचा_झोका:
तुमच्या व्याकरणाला आमचा भरीत-भाकरीचा नैवेद्य. विद्यापीठाला त्यांचं नाव २०१८ मध्ये दिलं तेव्हा कुठली बोली लिहिली होती पाटीवर?

बोरीचं_पाणी:
दोघं बाहेर जाऊन भांडा. तरी एक सांगतो, कारण ते इथे लागू पडतं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या गात होत्या आणि घरच्यांनी, सोपानदेवांनी, ते टिपून ठेवलं. त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, ते छापून आलं. टिपणारा घरचा होता म्हणून ते उरलं. फील्डवाल्यांना एवढा एक गुण देतो, नाइलाजाने.

फील्डवाला:
आभारी आहे. फ्रेम करून लावतो.

सातपुड्याखाली:
एरवी मी फक्त वाचतो. मी पावरा आदिवासी, शहादा तालुका. तुम्ही सगळे ज्यांच्या घरी रॅपो करायला, म्हणजे विश्वास मिळवायला, येता त्यांच्यातला एक.

संमतीपत्राचं आधी. आमची आजी अंगठा म्हटलं की उठून आत जायची. सावकाराच्या कागदावर अंगठे देऊन जमिनी गेलेल्या लोकांत ती वाढली. १९७२ च्या सुमारास इथे श्रमिक संघटना उभी राहिली ती याच जमिनींसाठी आणि मजुरीसाठी. जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा. आता तुम्ही इंक पॅड घेऊन येता आणि म्हणता हे तुमच्याच संरक्षणासाठी आहे. आजीला काय वाटेल? वाचता न येणाऱ्या माणसाला तटस्थ साक्षीदारासमोर सगळं समजावून सांगायचं, हे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांत आहे. आमच्या घरी साक्षीदार म्हणून सही केली ती साहेबाच्या ड्रायव्हरने.

बिस्किटांचं. आता आमची पोरं कुठलीही अनोळखी मोटरसायकल दिसली की धावतात. मास्तरांची असली तरी.

एक जण मात्र होळीला आला. होळीला म्हणजे कामाला बाहेर गेलेले सगळे घरी असतात तेव्हा. आठ दिवस काहीच विचारलं नाही, नुसता ढोल ऐकत बसायचा. मग वनहक्काचा दावा भरायला बसला आमच्यासोबत. २००६ चा कायदा, अर्ज मराठीत, पुरावे कुठले जोडायचे कुणाला माहीत नव्हतं. मुलाखती त्याने नंतर घेतल्या.

फील्डवाला:
मनापासून विचारतो, रागावू नका. तो अर्ज भरून दिल्यावर तुम्ही त्याला नाही म्हणू शकला असता का? आमच्या एथिक्स कमिटीसमोर याला प्रलोभन म्हणतात.

सातपुड्याखाली:
पाच रुपयांचा पुडा चालतो, दाव्याचा अर्ज चालत नाही. छान आहे तुमची कमिटी.

पण बरोबर विचारलंत. माझ्या काकांनी त्याला खोटंच सांगितलं होतं बऱ्याच ठिकाणी, त्याला बरं वाटावं म्हणून. दारूबद्दल विचारलं तर म्हणाले, आमच्या पाड्यात नाही. रात्री मलाच धाडलं मोहाची दारू आणायला.

पांझराकाठ:
हेच म्हणत होते मी! नात्यात लोक खोटंही बोलतात, तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून.

फील्डवाला:
नाही, तुम्ही म्हणत होतात की नात्यात लोक नको तितकं खरं बोलतात. एक काहीतरी ठरवा.

असो. पोस्टमधून धडगाव काढतो. बिस्किटंही काढतो. ‘माय’ ठेवतो, मला ते मनापासून येतं.

पांझराकाठ:
आणि आठ दिवस?

फील्डवाला:
पंधरा लिहितो. खूश?

असोद्याचा:
‘शे’ अजून कुणी दाखवलं नाही, नोंद घ्यावी.

सातपुड्याखाली:
ताई, एक विचारू? ती सात मिनिटं पुसली का?

पांझराकाठ:
नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत. दोनदा उघडून बसले होते पुसायला. त्यात भाकरी थापल्याचा आवाज आहे.

सातपुड्याखाली:
त्यांना सांगितलं?

पांझराकाठ:
नाही.

फील्डवाला:
आणि धागा माझ्यावर काढलात.