मदत हवी आहे : गाडीखाली तेलाचे डाग, गिअरबॉक्स गळतोय का?

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, 2016 ची. सकाळी पार्किंगच्या फरशीवर तेलाचे ठिपके दिसायला लागलेत, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला. एसीचं पाणी नव्हे, बोटाला चिकट लागतं. रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवला, तर त्यावर पिवळसर तपकिरी डाग आणि सडक्या अंड्याचा उग्र वास. इंजिन ऑइल आणि कूलंटची लेव्हल बरोबर आहे. गिअरही नेहमीसारखे पडतात.

गॅरेजवाल्याने नुसतं बॉनेट उघडून वरून पाहिलं आणि म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवायला लागेल, क्लचपण टाकून घेऊ." म्हणून आधी घरीच खात्री करायची आहे. गळती नेमकी कुठून, हे कसं ओळखायचं? गिअर ऑइलची डिपस्टिक काही सापडत नाही. शनिवारी पुण्याहून साताऱ्याला जायचंय, मध्ये खंबाटकी आहे.

प्रतिसाद

वासावरून गिअर ऑइलच वाटतंय, तो गंधक त्यातल्या अ‍ॅडिटिव्हचा. डिपस्टिक बहुतेक मॅन्युअल गाड्यांना नसतेच.

डाव्या चाकाचा एक्सल (चाक फिरवणारा दांडा) गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, आधी बघा. ते गेलं असेल तर एक्सल काढून सील बदलता येतं, गिअरबॉक्स जागेवरच राहतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखालून टपकत असेल तर मात्र तुमचा गॅरेजवाला बरोबर.

गाडी चालताना तेल वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे ठिपका पडतो तिथेच गळती असेल असं नाही. इंजिन गार असताना सगळा भाग पुसून कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा, एक चक्कर मारून या. पावडर सगळ्यात वर जिथे भिजली, तिथून गळतंय. आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही म्हणजे नाही! खाली स्टँड हवेतच.

लेव्हलसाठी गाडी सपाट हवी. गिअरबॉक्सच्या कुशीतला फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) काढा, तेल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे. तळाचा ड्रेन प्लग वेगळा, तो चुकून उघडू नका. लेव्हल कमी असेल तर घाट चढण्याआधी टॉप-अप कराच, ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेली तीच.

धागाकर्ता

पावडर एक्सलपाशी भिजली, सांधा कोरडा ठणठणीत. सील बदलताना सगळं तेल काढावं लागतं का?

प्रतिसाद

हो, एक्सल ओढला की बाहेर येतंच. नवीनच भरा, आणि ड्रेन प्लगचा वॉशरही नवा टाकायला सांगा.