मदत हवी आहे: अंतराळयुद्धाच्या पटखेळात ऊर्जावाटप किती सुटसुटीत करावे?

षटकोनी घरांच्या पटावर दोघांनी प्रत्येकी चार ते सहा याने लढवायचा खेळ मी रचत असून, प्रत्येक फेरीत यानाची ऊर्जा इंजिन, ढाली आणि शस्त्रे यांत वाटण्याची मुभा हा त्याचा गाभा आहे. एकेका यानाला ती शोभते. ताफा वाढला की मात्र, 1979 च्या 'स्टार फ्लीट बॅटल्स' या अंतराळयुद्धाच्या पटखेळाप्रमाणे, यानागणिक तक्ते भरावे लागतात. त्याऐवजी तीन ठरावीक पवित्रे, म्हणजे ऊर्जेच्या आधीच ठरलेल्या वाटण्या, देऊन पाहिले, तर फेऱ्या झटपट उरकल्या, पण आक्रमक पवित्राच नेहमी सरस ठरू लागला. जडत्वानुसार होणारी हालचाल मला सोडायची नाही आणि अ‍ॅपचा आधारही नको आहे. अशा वेळी पवित्रा बदलण्यालाच काही किंमत लावावी, की ऊर्जावाटप केवळ ताफ्याच्या मुख्य यानापुरते ठेवावे?