मदत हवी आहे: तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही बॉक्सर हरतो कसा?

माझी भाची यंदापासून बॉक्सिंगच्या स्पर्धांत उतरते आहे, म्हणून तिच्यासोबत जुन्या लढती शोधून बघतोय. टोकियो ऑलिंपिकमधली (जुलै २०२१) मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रित व्हॅलेन्सिया ही लढत पाहिली आणि तिथेच अडकलो. पहिली फेरी व्हॅलेन्सियाने ४-१ अशी घेतली. दुसरी आणि तिसरी मेरीने, दोन्ही ३-२. तरीही निकाल ३-२ असा व्हॅलेन्सियाच्या बाजूने! "दोन फेऱ्या जिंकल्या ना, मग हरली कशी?" या भाचीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निकाल नेमका कशावर ठरतो? कुणी खाली पडलं तर किती गुणांचा फरक पडतो? आणि लागलेले ठोसे मोजून ज्याचे जास्त तो विजयी, इतकं सरळ का ठेवत नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. पोरगी मनापासून खेळते आहे, तिला अर्धवट काही सांगायचं नाहीये.

प्रतिसाद १

भाचीला शुभेच्छा! प्रश्न अगदी योग्य विचारलाय तिने.

हौशी बॉक्सिंगमध्ये (ऑलिंपिकही त्यातच) रिंगभोवती पाच जज असतात आणि प्रत्येकाचं कार्ड, म्हणजे गुणपत्रक, स्वतंत्र असतं. फेरी संपली की जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. फेरी स्पष्ट एकतर्फी असेल तर ८, पार धुव्वा उडाला असेल तर ७. फेरी बरोबरीत सोडता येत नाही. शेवटी तीन फेऱ्यांची बेरीज होते ती प्रत्येक कार्डावर वेगवेगळी, आणि ज्याच्या बाजूने जास्त कार्डं तो विजयी. 'फेरी ४-१' किंवा 'फेरी ३-२' हे त्या फेरीत जजची मतं कशी पडली एवढंच सांगतं. फेऱ्या कुणी किती जिंकल्या, हा हिशेब शेवटी कुठेच होत नाही.

कागद घेऊन भाचीसमोर मांडा: एक बॉक्सर लाल पोशाखातली, दुसरी निळ्या. (ही त्या लढतीची खरी कार्डं नव्हेत, फक्त आकडे तसेच येतील अशी मांडणी आहे.) पहिल्या दोन जजनी पहिली फेरी निळीला आणि पुढच्या दोन्ही लालला दिल्या. त्या दोघांच्या कार्डावर लाल २९-२८ ने पुढे. तिसऱ्या जजने लालला फक्त पहिली फेरी दिली, चौथ्याने फक्त दुसरी, पाचव्याने फक्त तिसरी. या तिघांकडे निळी २९-२८ ने पुढे. आता फेरीनिहाय मतं मोजा: पहिलीत निळी ४-१, दुसरीत लाल ३-२, तिसरीत लाल ३-२. आणि लढत मात्र निळीची, तीन कार्डं विरुद्ध दोन.

कुणीही लबाडी न करता असं घडू शकतं. पाचही जण वेगवेगळ्या जागी बसलेले असतात. जो ठोसा एकाला बरगडीवर लागताना स्वच्छ दिसतो, तोच समोरच्या जजला पाठीआड जातो.

प्रतिसाद २

ठोसे मोजण्याबद्दल: तो प्रयोग दोन दशकं करून झालाय. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६ ठोसे लगावले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२, आणि सुवर्णपदक पार्कला मिळालं. त्यावर इतका गदारोळ झाला की १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून ठोसे मोजायला जजच्या हाती बटणं आली. पाचपैकी तीन जजनी साधारण एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. झालं काय, की जवळून केलेला पोटावरचा मारा, सलग चार-पाच ठोशांची सरबत्ती यांचं चीज होईना. बटण दाबेपर्यंत पुढचा ठोसा लागलेला असायचा. मग बॉक्सर लांबून एकेक ठोसा टाकायचे आणि आघाडी मिळाली की मागे सरकत राहायचे. मला त्या काळातल्या लढती बघवत नाहीत. २०१३ मध्ये ती पद्धत गेली आणि दहा गुणांची आली.

तीही निर्दोष नाहीच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पाचपैकी तीनच जजचे गुण, तेही संगणकाने निवडून, धरले जायचे. तिथे आयर्लंडच्या मायकेल कॉनलनला रशियाच्या निकितीनविरुद्ध हरवलं गेलं, ते आजही सलतं. टोकियोत पाचही कार्डं धरली गेली, हा चांगला बदल.

धागाकर्ता

कागदावर मांडून दाखवलं, तिला लगेच कळलं! दोघांचेही आभार. व्यावसायिक लढतीत आणि नॉकडाउनच्या (ठोशाने खाली पडण्याच्या) वेळी काय होतं तेवढं सांगाल का?

प्रतिसाद १

तिथे जज तीन आणि विजेतेपदाच्या लढतीत पुरुषांच्या सहसा १२ फेऱ्या. गुण तसेच, १०-९. नॉकडाउन झाला की फेरी साधारणपणे १०-८, दोनदा झाला तर १०-७. हौशी बॉक्सिंगमध्ये मात्र नुसतं खाली पाडल्याचा वेगळा गुण नसतो, जज पूर्ण फेरी बघतात. रेफरीने ताकीद देऊन गुण कापला तर तो फटका दोन्हीकडे बसतो. रागाच्या भरात डोकं मारणं किंवा पट्ट्याखाली मारणं किती महाग पडतं, ते भाचीला आत्तापासूनच सांगा.

तिन्ही कार्डं एका बाजूने असली तर एकमताचा निर्णय, दोन विरुद्ध एक असली तर विभागलेला. इथेही कार्डं मोजतात, कार्डांची बेरीज नाही. सप्टेंबर २०१७ मधल्या गोलोव्किन-कनेलो लढतीत एका जजने गोलोव्किनला ११५-११३ ने पुढे ठेवलं, दुसऱ्याने ११४-११४ बरोबरी दिली, तिसऱ्याने कनेलोला ११८-११० दिले. निकाल बरोबरीचा. ते ११८-११० मला अजिबात पटलेलं नाही, पण बघा, आठ गुणांची आघाडी असूनही ते एकच कार्ड ठरलं.

पुढची लढत दोघं मिळून बघाल तेव्हा समालोचनाचा आवाज बंद ठेवा. घंटा झाली की एकमेकांशी न बोलता आपापल्या कागदावर आकडे लिहा आणि मगच पुढची फेरी बघा. तिचं कार्ड आणि तुमचं कार्ड किती फेऱ्यांत वेगळं येतं, ते इथे नक्की कळवा.