मैत्री-शिबिरांसाठी चित्रलिलाव : किमान बोली कशी ठरवावी?

प्रश्न : निरनिराळ्या देशांतील मुलांना एकत्र आणणाऱ्या शिबिरांच्या मदतीसाठी दादरच्या आमच्या मंडळाला चित्रांचा लिलाव करायचा आहे, चित्रकारांचा मान राखून किमान बोली कशी ठरवावी?

उत्तर : चित्रकाराशी आधी लेखी करार करा. फुकट चित्र मागण्याची आपल्याकडची सवय मला मनापासून खटकते. निदान रंग, कॅनव्हास आणि चौकटीचा खर्च तरी किमान बोलीतून त्याला मिळावा. वेगळा करार नसल्यास, चित्र विकल्यावरही १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वहक्क (कॉपीराइट, म्हणजे चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क) चित्रकाराकडेच राहतो, हे खरेदीदारालाही सांगावे.

दुसरे उत्तर : सीआयएसव्ही या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, १९५१ साली सुरू झालेल्या अशाच शिबिरांत अकरा वर्षांची मुले येतात. देणगीदारांना प्रवासखर्चाचा हिशेब आधीच दाखवा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे, करारापासूनच सुरुवात करतो.