जगभरच्या लोककथा मुलांना वाचून दाखवायच्या की तोंडी सांगायच्या?

निळाई

घरात दोन मुलं, धाकटी 5 वर्षांची आणि थोरला 9 चा. झोपायच्या आधी गोष्ट हा आमचा ठरलेला कार्यक्रम आहे, त्यात सहसा खंड पडत नाही. आतापर्यंत ससा-कासव, माकड आणि मगर, चिऊ-काऊ असं सगळं होऊन होऊन दोघांना तोंडपाठ झालंय, त्यामुळे आता जगभरच्या लोककथांकडे वळायचं मनात आहे. आफ्रिका, जपान, रशिया, नॉर्वे, जे जे मिळेल ते. दुसऱ्या देशातल्या मुलांना झोपताना काय ऐकायला मिळतं हे माझ्या मुलांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

पण अडतंय कुठे ते सांगते. पुस्तक घेऊन वाचायला लागलं की चित्र बघून झालं की धाकटी उठून जाते, कारण अनुवादातली वाक्यं लांबलचक आणि नावं अवघड. तेच पुस्तक मिटून माझ्या शब्दांत सांगितलं तर ती डोळे मोठे करून ऐकते, पण मग मीच मध्ये अडकते, पुढे काय होतं ते आठवत नाही आणि थोरला लगेच टोकतो की काल तू असं नव्हतं सांगितलंस. शिवाय थोरल्याला ह्या सगळ्या बाळांच्या गोष्टी वाटायला लागल्यात.

आणि दुसरं म्हणजे भीती. परवा बाबा यागा नावाच्या चेटकिणीची रशियन गोष्ट आधी स्वतः वाचली, कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी, तिथपर्यंत मजा आली, पण भोवती माणसांच्या हाडांचं कुंपण आणि त्यावर कवट्या! हे 5 वर्षांच्या मुलीला सांगायचं का? गाळून सांगितलं तर चालेल का? शेवट बदलला तर? तुम्ही लोक काय करता?

गोष्टवेल्हाळ

निळाईताई, वाचणं आणि सांगणं ह्यातलं एक निवडायची गरजच नाही, दोन्ही करा, फक्त एकाच गोष्टीला एकाच वेळी दोन्ही लावू नका. वाचून दाखवलं की मुलांच्या कानावर पुस्तकी भाषा पडते, आपण एरवी घरात कधी बोलणार नाही असे शब्द पडतात, आणि गोष्ट दर वेळी तीच राहते, मुलांना ते फार आवडतं. सांगताना तुमची नजर पानावर नसते, मुलांवर असते, त्यामुळे कुणाचं लक्ष उडालं, कुणी घाबरलं ते तिथल्या तिथे कळतं आणि आवाज बदलता येतो, एखादा प्रसंग पटकन उरकता येतो. ह्या बहुतेक गोष्टी मुळात तोंडीच होत्या, कागदावर नंतर आल्या, त्यामुळे सांगायला त्या सोप्याच असतात.

अडकायला होतं त्याचं कारण आपण वाक्यं पाठ करायला जातो. वाक्यं पाठ करू नका, प्रसंग लक्षात ठेवा. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि गोष्टीत परत परत येणारी ओळ एवढंच पक्कं हवं, बाकीचं त्या त्या रात्री जसं सुचेल तसं.

उदाहरणच देतो. घानामधल्या अकान लोकांचा अनान्सी, म्हणजे आठ पायांचा कोळी, कधी कोळी तर कधी माणूस. जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे असतात आणि अनान्सीला त्या हव्या असतात. न्यामे म्हणतो, अजगर आण, बिबट्या आण, गांधीलमाश्या आण आणि कुणालाच न दिसणारी परी आण, मग गोष्टी तुझ्या. झाला की सांगाडा तयार! चार कामं, चार युक्त्या. अजगराच्या वेळी अनान्सी हातात लांब काठी घेऊन बायकोशी, आसोशी, मोठमोठ्याने वाद घालत जातो, "त्याच्यापेक्षा काठी लांब", "नाही, तोच लांब", आणि अजगर आपणहून काठीला लागून आडवा होतो, की मोजा मला. मोजता मोजता बांधून टाकला. गांधीलमाश्यांच्या वेळी भोपळ्यात पाणी भरून न्यायचं, थोडं स्वतःवर ओतायचं, थोडं त्यांच्या पोळ्यावर, डोक्यावर केळीचं पान धरायचं आणि ओरडायचं, "अगं बायांनो पाऊस आला, ह्या भोपळ्यात शिरा!" की लगेच बूच. हे करताना मी खरंच डोक्यावर उशी धरतो आणि मुलं हमखास "पाऊस आला पाऊस आला" ओरडतात. एकदा सांगितलीत ना की आयुष्यात विसरणार नाही.

थोरल्याला पुढचा भाग सांगा, की ह्याच गोष्टी गुलाम म्हणून पकडून नेलेल्या लोकांबरोबर समुद्रापार कॅरिबियन बेटांवर गेल्या आणि जमैकात अनान्सी अजून सांगितला जातो. 9 वर्षांच्या मुलाला हे बाळबोध अजिबात वाटणार नाही, ताकदवानाला युक्तीने हरवणारा एवढासा कोळी त्या लोकांना जवळचा का वाटला असेल हे तो स्वतःच बोलेल बघा.

धाकटी उठून जाते त्यावरही एक उपाय आहे, तिला काम द्या. हैतीमध्ये सांगणारा आधी "क्रिक?" विचारतो आणि ऐकणारे सगळे "क्रॅक!" म्हणतात, मगच गोष्ट सुरू. मध्येच कुणी पेंगायला लागलं की परत "क्रिक?". घरात लावून बघा.

काठावरचा

भीतीच्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत आहे. गोष्ट बदलू नका, दुसरी निवडा.

जगभरच्या लोककथा इतक्या आहेत की 5 वर्षांच्या मुलीला झेपेल अशी गोष्ट मिळणार नाही असं होतच नाही. बाबा यागा दोन-तीन वर्षांनी सांगा. पण लांडग्याने कुणाला खाल्लंच नाही, राक्षसाशी शेवटी मैत्री झाली, चेटकीण सॉरी म्हणाली, असं करून गोष्ट पार मिळमिळीत होते आणि मुलांना ते कळतं हो! लोककथेत संकट खरं असतं म्हणून तर त्यातून सुटल्याचा आनंदही खरा असतो. नॉर्वेची तीन बोकडांची गोष्ट घ्या, पुलाखाली ट्रोल, म्हणजे तिकडचा राक्षस, बसलाय, "माझ्या पुलावरून कोण चाललंय?" म्हणून गरजतो, धाकटा बोकड थरथरत म्हणतो, मला नको खाऊ, मागून मोठा येतोय. शेवटी सगळ्यात मोठा बोकड ट्रोलला शिंगांवर घेऊन खाली उडवतो. त्या जागी "मग ट्रोलने माफी मागितली" असं म्हटलं तर तीन पावलांनी चढत आलेली सगळी भीती वाया गेली.

आणि तपशील जितका कमी तितकं लहान मुलांना बरं. लोककथा वर्णनात रमत नाही, "लांडग्याने गिळलं" म्हणते आणि पुढे जाते. भीती बरेचदा चित्रांमुळे किंवा आपणच आवाज घोगरा करून वाढवतो त्यामुळे वाटते. सपाट आवाजात सांगून बघा, बरंच काही सहज निघून जातं.

पानाआड

काठावरचा, मला हे पूर्ण पटत नाही. लोककथा बदलत आल्यात म्हणूनच टिकल्यात. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचंच बघा, 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हान्सेल आणि ग्रेटेल ह्या भावंडांना जंगलात सोडायला लावणारी त्यांची सख्खी आई आहे, 1840 च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. म्हणजे ज्यांनी गोष्टी गोळा केल्या त्यांनीच घरातल्या मुलांचा विचार करून हात फिरवला. मग एका आईने आपल्या मुलीसाठी हाडांचं कुंपण साधं लाकडी केलं तर काय बिघडलं? माझी भाची कितीतरी दिवस एका गोष्टीतल्या विहिरीमुळे अंधारात बाथरूमला जात नव्हती, तेव्हा त्या मुलीला "संकट खरं असतं" हे सांगून काय उपयोग.

मी स्वतः एक पथ्य पाळते, भीतीच्या गोष्टी रात्री नाहीतच. दुपारी, उजेडात, मांडीवर बसवून. रात्री हसवणाऱ्या किंवा फिरून फिरून तेच येणाऱ्या.

काठावरचा

दिवसा सांगायचं हे शंभर टक्के मान्य, मी ते लिहायला हवं होतं एवढं चांगलं आहे. कुंपण लाकडी करा, माझी हरकत नाही, ते सामान झालं. माझं म्हणणं आहे ते परिणामाबद्दल. गोष्टीत ज्याने जे केलं त्याचं जे झालं ते काढू नका. सख्खी आई सावत्र झाली तरी मुलं जंगलात एकटी पडायची ती पडलीच आणि आपल्या अकलेने परत आलीच, तिथे ग्रिमनीही हात लावला नाही ना.

शब्दखुणा

मी वाचनालयात मुलांच्या वाचनतासाला गोष्टी सांगते, तर थोरल्यासाठी लिहिते, कारण ह्या वयाची मुलंच सगळ्यात आधी हातची जातात. त्यांना एक गोष्ट देऊ नका, एकाच गोष्टीची दोन-तीन रूपं द्या आणि गंमत बघा.

सिंड्रेला सगळ्यांना माहीत असते, काचेचा बूट आणि भोपळ्याची बग्गी, ती 1697 मधली, पेरो ह्या फ्रेंच लेखकाची. त्यानंतर ग्रिमची सांगा, त्यात परी नाहीच, आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आणि पक्षी आहेत, आणि बुटात पाय मावावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच (9 वर्षांच्यांना हे प्रचंड आवडतं, धाकटी झोपल्यावर सांगा). मग चीनची ये शियान, 9 व्या शतकात लिहून ठेवलेली, म्हणजे पेरोच्या कितीतरी आधीची! तिची मैत्री एका माशाशी असते, सावत्र आई मासा मारून खाते आणि ती पोर हाडं जपून ठेवते, त्या हाडांकडे मागेल ते मिळतं. बूट तिथेही हरवतो पण सोन्याचा. आणि त्याहून जुनी, ग्रीक लेखक स्ट्राबोने साधारण 2000 वर्षांपूर्वी नोंदवलेली इजिप्तची, आंघोळ करणाऱ्या ऱ्होडोपिसची चप्पल गरुड उचलून नेतो आणि थेट राजाच्या मांडीत टाकतो. मुलं आपोआप विचारतात की इतक्या लांबच्या लोकांना तोच बूट कसा सुचला, कुणी कुणाचं ऐकलं. अभ्यासकांनी तर अशा सारख्या गोष्टींना नंबर देऊन मोठी यादीच केलीये, सिंड्रेलाचा नंबर 510 अ. माझ्या गटातली पोरं आता नवीन गोष्ट ऐकली की "हिचा नंबर काय" विचारतात.

आपल्या ओळखीची "पळा पळा आभाळ पडलं" हीसुद्धा घ्या. जातककथेत झाडाखाली झोपलेल्या सशाजवळ बेलफळ पडतं, तो पृथ्वी मोडली म्हणून पळत सुटतो, मागे सगळं जंगल, आणि सिंह त्यांना थांबवून सशाला पाठीवर घेऊन त्या जागी जातो, फळ दाखवतो. इंग्लिश रूपात कोंबडीच्या डोक्यावर काहीतरी पडतं, सगळे पक्षी राजाला सांगायला निघतात आणि वाटेत कोल्हा त्यांना बिळात नेऊन खाऊन टाकतो. भीती तीच, शेवट दोन. दोन्ही सांगून थोरल्याला विचारा की तुला कुठला पटतो, आणि का. इथे शेवट बदलायचा का हा वाद पण आपोआप मुलांच्याच हातात जातो.

एक कळकळीने सांगते, गोष्ट कुणाची ते नाव घेऊन सांगा. "आफ्रिकन गोष्ट" असं म्हणू नका, आफ्रिका हा देश नाही, घानाच्या अकान लोकांची म्हणा. नकाशा किंवा पृथ्वीगोल जवळ ठेवा, गोष्ट संपली की बोट ठेवायचं काम धाकटीचं. आणि काही लोकांचे स्वतःचे नियम असतात, अमेरिकेतल्या नावाहो लोकांत कोयोटच्या (लांडग्यासारखा एक प्राणी) गोष्टी फक्त हिवाळ्यातच सांगतात. आम्ही त्या हिवाळ्यापर्यंत राखून ठेवतो आणि मुलं वाट बघतात.

चित्रं संपली की उठणाऱ्या मुलीसाठी जपानचं कामिशिबाई बघा. 1930 च्या दशकात सायकलवरून गोष्टी सांगणारे फिरायचे, लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे, मजकूर पुठ्ठ्यांच्या मागे. मुलांसमोर पूर्ण चित्र आणि सांगणाऱ्याचं तोंडही मुलांकडेच. पुठ्ठा सगळा एकदम ओढायचा नाही, अर्धा ओढून थांबायचं, म्हणजे मागच्या चित्राची नुसती शेपटी दिसते आणि मुलं पुढे सरकतात. खोक्याची एक बाजू कापून घरी सहज होतं, चित्रं थोरल्याला काढायला सांगा, मग तो बाळांच्या गोष्टी म्हणणार नाही कारण सादर करणारा तोच असेल.

निळाई

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबा यागा सध्या कपाटात, मोठ्या सुट्टीत दुपारी काढेन. अनान्सी मी आत्ताच मनात घोळवायला घेतलाय. फक्त एक विचारते, आज रात्रीच काही सांगायचं असेल, अजिबात तयारी न करता, तर कुठून सुरू करू?

गोष्टवेल्हाळ

रशियाचा भला मोठा सलगम. आजोबांनी सलगम लावला, तो वाढला वाढला, उपटेना. आजोबांना धरायला आजी, आजीला नात, नातीला कुत्रा, कुत्र्याला मांजर, आणि तरी हलत नाही, शेवटी उंदीर येतो आणि फट्कन निघतो. पाठ करायला काहीच नाही, प्रत्येक वेळी सगळी रांग परत म्हणायची एवढंच. थोरल्याला आजोबा करा, धाकटीला उंदीर, चादरीचं टोक ओढायला द्या. पलंगावर नका करू पण, खाली करा, शेवटी सगळे मागे पडतात.