शब्दचर्चा: ‘ट्रिब्यूट अल्बम’ला मराठीत काय म्हणावं?

आरोही:
इटालियन जॅझवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे.

रोमचा पियानोवादक एन्रिको पिएरानुंझी याने २००१ साली ‘प्ले मोरिकोने’ हा अल्बम केला. बासवर मार्क जॉन्सन, ड्रम्सवर जोई बॅरन. एन्निओ मोरिकोनेच्या सिनेसंगीतातल्या धुना तिघांनी वाजवल्या आहेत. मी लिहिलं, ‘मोरिकोनेला वाहिलेली आदरांजली’. संपादकांनी शब्दाखाली रेघ मारून मजकूर परत पाठवला. मोरिकोने गेले २०२० साली. २००१ मध्ये ते हयात होते, मग आदरांजली कशी?

आम्हाला शाळेत शिकवलं होतं ते असं: श्रद्धांजली गेलेल्या माणसाला, आदरांजली कोणालाही. पर्याय शोधू लागले तर ‘मानवंदना’ म्हटलं की संचलन दिसतं, ‘अभिवादन’ म्हटलं की पुतळा आणि हार. पिएरानुंझीचं वाजवणं या दोन्हींपासून फार लांब आहे. तो ओळखीची धून आधी जशीच्या तशी मांडतो. मग वरची सुरावट तशीच ठेवून खालच्या कॉर्ड्स एकेक करून बदलत नेतो. धून तीच असते, पण आपण तिच्याकडे दुसऱ्याच खिडकीतून बघत असतो. या सगळ्याला एक शब्द हवा आहे. इटलीत असे अल्बम भरपूर निघतात, त्यामुळे लेखात तो सारखा लागणार.

जुना_कागद:
तुमचं बरोबर आहे, संपादकांचं नाही. अंजली म्हणजे ओंजळ. मंत्रपुष्पांजली आपण गणपतीपुढे म्हणतो, तिथे कोण गेलेलं असतं? मृत्यूशी थेट संबंध जलांजलीचा आणि तिलांजलीचा. त्यातल्या तिलांजलीचा अर्थ तर आता ‘कायमचं सोडून देणं’ एवढाच उरला आहे. आदराने भरलेली ओंजळ जिवंत माणसापुढे धरायला काहीच हरकत नाही.

खर्जातला:
व्युत्पत्तीत हरकत नसेल, व्यवहारात आहे. पुण्यतिथीच्या जाहिराती बघा. एकाच चौकोनात फोटोच्या वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली ‘विनम्र आदरांजली’ छापलेलं असतं. आमच्या मामांच्या एकसष्टीला मंडळाने दारावर ‘आदरांजली समारंभ’ असा फलक लावला होता. मामी फलक वाचून पायरीवरच थांबल्या आणि तो उतरवेपर्यंत आत आल्या नाहीत. त्यांना ओंजळीची व्युत्पत्ती सांगायला कोणी पुढे झालं नाही. वाचणाऱ्याच्या मनात जे उभं राहतं तोच शब्दाचा अर्थ. संपादकांना माझा पूर्ण पाठिंबा.

जुना_कागद:
चार जाहिरातदारांनी घोळ घातला म्हणून चांगला शब्द स्मशानात पाठवायचा, हे मला पटत नाही. उद्या ‘स्मरण’ही हातचं जाईल.

वसुली_कारकून:
मूळ शब्दच का नाही बघत? ट्रिब्यूट आला लॅटिन ‘त्रिबुतुम’वरून. त्याचा अर्थ कर. पुढे मांडलिकाने सार्वभौम राजाला धाडायच्या रकमेलाही हाच शब्द झाला. म्हणजे नेमका मराठी प्रतिशब्द खंडणी! पेशवाईतल्या पत्रांत खंडणी याच सरळ अर्थाने येते, गुंडगिरीचा वास तिला नंतर लागला. आता ती लेखात घालता येणार नाही हे उघड आहे.

पण इटालियन लोक स्वतः ‘ओमाज्जो’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात ‘माणूस’ आहे. सरंजामी काळात धन्यापुढे गुडघे टेकून ‘आजपासून मी तुमचा माणूस’ असं म्हणायचं, ती शपथ म्हणजे ओमाज्जो. आपल्याकडे याच्या सगळ्यांत जवळ जातो तो मुजरा. जुन्या हिशेबातही मुजरा आहे: देण्यातून रक्कम वळती करून घेणं. दरबार आणि हिशेब दोन्ही एका शब्दात आले. ‘मोरिकोनेला मानाचा मुजरा’ लिहा. हयात असो वा नसो, मुजरा कोणालाही करता येतो.

स्वभाषा:
मुजरा अरबी, सलाम अरबी, नजराणाही बाहेरचाच. शिवाय हिंदी सिनेमाने मुजऱ्याचं जे केलं आहे ते तरुण वाचकाच्या डोक्यातून कसं काढणार? मी ‘गौरवमुद्रिका’ सुचवते. ध्वनिमुद्रिका सगळ्यांना कळते, तिच्यातली मुद्रिका घ्या. पहिल्यांदा कानाला खटकेल. दिनांक, महापौर, दिग्दर्शक हेही खटकले होते. राज्यव्यवहारकोश करून घेणाऱ्या शिवाजी महाराजांच्या भाषेत एवढी तयारी असायला हवी.

चौकट:
शब्द बदलण्याच्या हट्टाचं काय होतं याचं उदाहरण आरोहीच्या विषयातच आहे. मुसोलिनीच्या राजवटीत परक्या शब्दांना हाकलण्याची मोहीम निघाली, तेव्हा इटलीत लुई आर्मस्ट्राँगचा ‘लुइजी ब्राच्चोफोर्ते’ झाला आणि बेनी गुडमनचा ‘बेनिआमिनो बुओनुओमो’. बळकट बाहूचा लुइजी आणि भला माणूस बेनिआमिनो! संगीत तेच, फक्त पाटी बदललेली. राजवट कोसळली आणि ही नावंही तिच्याबरोबर गेली. खुद्द मुसोलिनीचा धाकटा मुलगा रोमानो पुढे जॅझ पियानोवादक म्हणून नावारूपाला आला. ‘अल्बम’ हा शब्द मराठी घरांत लग्नाच्या फोटोंपासून आहे. ‘ट्रिब्यूट अल्बम’ लिहा आणि पुढे चला.

स्वभाषा:
हुकूमशाहीची सक्ती आणि माझी सूचना एका तराजूत घालू नका. ‘दिग्दर्शक’ लोकांनी आपणहून उचलला, कोणी दंडुका घेऊन उभं नव्हतं. आणि लेख मराठीत लिहायचा तर निदान शोध तरी मराठीत घ्यावा.

बाणावलीचा:
आमच्या घरात बँडवाले होते, म्हणून लिहितो. गोव्यात कोणी गेलेल्या वादकाची चाल वाजवली तर म्हणत, ‘ताच्या नांवान वाजयलें’. चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मीस, तीही एखाद्याच्या नांवान सांगतात. तोच साधा शब्द. ‘मोरिकोनेच्या नावाने’ एवढं पुरेसं नाही का?

आणि जिवंत माणसाच्या नावाने काही करायला काय हरकत आहे? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईत प्यारेलालना व्हायोलिन शिकवत. १९७७ च्या सिनेमात शिष्याने गुरूचं नाव थेट गाण्याच्या मुखड्यात घातलं. गुरुजी २०१२ पर्यंत होते. देशभर लोक ते नाव गात होते आणि ज्याचं नाव तो माणूस गोव्यात शांतपणे राहत होता. याहून मोठी गुरुदक्षिणा मला माहीत नाही.

सांगलीची:
‘नावाने’ कोकणीत गोड असेल. आमच्याकडे नावाने खडे फोडतात, नावाने शंख करतात आणि नावाने आंघोळही करतात. ‘मोरिकोनेच्या नावाने’ वाचून आमची आजी विचारेल, त्या बिचाऱ्याने काय केलं?

गुरुदक्षिणा मात्र मनात राहिली.

मध्यलय:
सगळे एका नामाच्या मागे लागले आहेत. त्या अल्बमांची नावं एकदा वाचा. ‘प्ले मोरिकोने’ हे क्रियापद आहे. जानलुइजी त्रोवेसी आणि जान्नी कोश्चा, क्लॅरिनेट आणि अकॉर्डियन, यांच्या २००५ च्या अल्बमचं नाव ‘राउंड अबाउट वाइल’, म्हणजे संगीतकार कुर्ट वाइलच्या भोवती. एन्रिको रावा आणि पाओलो फ्रेझू या दोन ट्रम्पेटवाल्यांनी १९९९ साली अमेरिकन ट्रम्पेटवादक चेट बेकरवर अल्बम केला तो ‘शेड्स ऑफ चेट’, चेटच्या छटा. या तिन्ही नावांत ‘ट्रिब्यूट’ नाही. तो शब्द समीक्षकांचा आणि दुकानांतल्या कप्प्यांचा.

आणि या प्रकाराच्या मुळाशी जो अल्बम मानला जातो तो तर इटलीचाच ऋणी आहे. हॅल विल्नर या अमेरिकन निर्मात्याने १९८१ साली ‘अमारकोर्द निनो रोता’ काढला. इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या चित्रपटांचा संगीतकार रोता दोन वर्षांपूर्वीच गेला होता. विल्नरने एकाच बँडला सगळं दिलं नाही, प्रत्येक धून वेगळ्या माणसाकडे सोपवली. ‘साडेआठ’ कार्ला ब्लेच्या बँडकडे, ‘ज्युलिएट ऑफ द स्पिरिट्स’ बिल फ्रिझेलच्या गिटारकडे. अनेकांनी मिळून एकाला वाजवायचं, ही आज सर्रास दिसणारी पद्धत बऱ्याच अंशी तिथून सुरू झाली. ‘अमारकोर्द’ हे फेलिनीच्या १९७३ च्या सिनेमाचं नाव, त्याच्या रोमान्या प्रांताच्या बोलीतलं. अर्थ: ‘मला आठवतं’. बोलीतलं एक अख्खं वाक्य, त्यात कुठेही ओंजळ नाही, मुजरा नाही, कर नाही.

आता मराठीकडे वळा. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची नाट्यपदं स्वतःच्या गळ्यातून मांडली त्या कार्यक्रमाला काय नाव दिलं? ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यांनी बालगंधर्वांची नक्कल केली नाही. पद तेच, पण आवाज, लगाव, थांबण्याच्या जागा कुमारांच्या. काही जाणकारांना तेव्हा ते खटकलं. पिएरानुंझी मोरिकोनेचं जे करतो ते नेमकं हेच आहे. ‘उमजलेले’ या शब्दात नम्रताही आहे आणि हक्कही. मला उमजले तेवढे, आणि मला उमजले तसे. इतका अचूक शब्द आपल्या संगीतात आधीच असताना आपण लॅटिन कर आणि अरबी मुजरा शोधत बसलो आहोत.

वसुली_कारकून:
सुंदर आहे, पण ते शीर्षक झालं, जातिवाचक नाम नाही. ‘त्याने तीन उमजलेले काढले’ असं लिहिणार का?

मध्यलय:
नाही. ‘त्याने तिघा संगीतकारांवर अल्बम काढले’ असं लिहीन. प्रत्येक नामाला नामच द्यायला हवं असा नियम आहे का?

जुना_कागद:
कोशात नोंद करायची तर नामच लागतं. आणि कुमारांचं शीर्षक उचलून पिएरानुंझीला लावणं मला योग्य वाटत नाही. त्यामागे नाट्यसंगीताची सगळी परंपरा आहे.

आरोही:
मध्यलय, ‘उमजलेले’ लेखात कुठेतरी नक्की येईल. पण एक शंका. रावाचा २०१२ चा ‘ऑन द डान्स फ्लोअर’ मायकल जॅक्सनच्या गाण्यांचा आहे. जॅक्सन २००९ मध्ये गेला होता, म्हणजे इथे संपादक आदरांजली खुशाल चालवतील. पण अल्बममध्ये मोठा ब्रासचा ताफा दणक्यात वाजतो, शोक कुठेच नाही. माणूस गेलेला असूनही शब्द बसत नाही!

आणि लेखाचा खरा मुद्दा वेगळाच आहे. मला या इटालियन वादकांची ओढ का वाटते? त्यांची वाद्यं गातात म्हणून. चेट बेकर १९६० मध्ये लुक्कामध्ये पकडला गेला, वर्षाहून जास्त तुरुंगात होता. सुटल्यावर १९६२ साली रोममध्ये त्याने चार गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांचं संगीतसंयोजन मोरिकोनेचं! मोरिकोने स्वतः ट्रम्पेट शिकलेला, त्याचे वडीलही ट्रम्पेटवाले. पुढे तरुण पिएरानुंझी बेकरबरोबर वाजवत होता. म्हणजे ‘प्ले मोरिकोने’ आणि ‘शेड्स ऑफ चेट’ एकाच घराण्यातली मंडळी एकमेकांना वाजवताहेत. या गाण्याच्या गुणाला इंग्रजीत लिरिकल म्हणतात. मराठीत?

खर्जातला:
गायकी अंग. सतारीला चालतं तर ट्रम्पेटला का नाही?

जुना_कागद:
अजिबात नाही. गायकी अंग म्हणजे ख्यालातली मींड, कण, बोल वाद्यावर उतरवणं. त्यासाठी मागे विशिष्ट गायकी लागते. गोड वाजवलं की गायकी अंग होत नाही.

खर्जातला:
मग इटालियनांच्या मागे ऑपेरा नाही का? रावाने तर ऑपेरातल्या संगीतावरच आख्खा अल्बम केला आहे. गायकी म्हणजे फक्त ग्वाल्हेर आणि किराणा?

बाणावलीचा:
ऑपेऱ्याआधी गावचा बँड. फ्रेझू सार्डिनियातल्या बेर्कीद्दाचा, अकराव्या वर्षी गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट धरला. १९८८ पासून त्याच गावात तो जॅझ महोत्सव भरवतो. मिरवणुकीत चालता चालता वाजवणारा माणूस सूर लांब धरायला शिकतोच. फ्रेझूचा एकेक सूर संपतच नाही. गालांत साठवलेली हवा ओठांतून सोडत असतानाच तो नाकाने पुढचा श्वास घेतो, त्यामुळे आवाज तुटत नाही.

डहाणूकडची:
हे तर आमच्याकडचे तारपावाले करतात! तारपा सुरू झाला की नाच थांबेपर्यंत सूर तुटत नाही. या श्वासाला वारली माणसं काय म्हणतात ते विचारून सांगते. ‘वर्तुळाकार श्वसन’ कृपा करून कोणी लिहू नका.

स्वभाषा:
का लिहू नये? काय वाईट आहे त्यात?

चौकट:
त्याआधी आरोहीने नावांचं ठरवावं. इटालियनमध्ये मोरिकोनेचा र दुहेरी आहे आणि पियानोवादक स्तेफानो बोलानीचा ल सुद्धा. ‘मोर्रिकोने’, ‘बोल्लानी’ लिहायला हवं. छापील मराठीत तर ‘मॉरिकोन’ही पाहिलं आहे.

सांगलीची:
‘र्र’ लिहिलं तर वाचणारा अडखळेल. एन्निओ चालतो, तेवढा पुरे.

जुना_कागद:
एन्निओला दुहेरी न आणि मोरिकोनेला एकच र? काहीतरी एक धोरण ठेवा.